ऑनलाइन इंग्रजी संभाषण : आपल्या विद्यार्थ्यांचे म्हणणे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत कापसाचा हंगाम, कर व कायदे आणि सभासदांच्या कुटुंबांतील शुभवार्ता यांना नेहमीच स्थान मिळत आले आहे. या वेळी एका निराळ्या खर्चाचा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडावयाचा आहे. हा खर्च पेढीच्या वहीत दिसत नाही. तो घरखर्चात पडतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी बोलता यावे म्हणून मोबाइलवरून चालणाऱ्या वर्गांना आपण जी फी भरतो, ती ही होय.

बहुतेक घरांतील अनुभव एकसारखाच आहे. मुलगा वर्ग पुरा करतो, प्रमाणपत्र मिळवितो, इंग्रजी बातम्या त्याला बऱ्यापैकी समजू लागतात. आणि हैदराबादेस मुलाखतीला बसला की पहिल्याच प्रश्नाला त्याची वाचा बसते. वडील म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मुलगा काहीच म्हणत नाही. पालकांची मते या बाबतीत आपण पुष्कळ ऐकतो. ज्यांना शिकावयाचे असते त्यांना काय वाटते हे क्वचितच कोणी विचारतो. वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत, बासरच्या तंत्रविद्यापीठात, अगर सीमेपलीकडे नांदेड-नागपुरास शिकणाऱ्या आपल्या मुलांशी निवांतपणे बोलले असता जे वारंवार कानी पडते, ते समजून घेण्याजोगे आहे. फी भरणाऱ्याने तर ते अवश्य समजून घ्यावे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात आणली पाहिजे. भाषा शिकण्याच्या बाबतीत आपली मुले मंद आहेत, असे कोणी म्हणेल तर ते धादांत खोटे ठरेल. आदिलाबादच्या गंजात हंगामाच्या दिवसांत एखाद्या अडत दुकानावर तासभर उभे राहावे. घरात मारवाडी किंवा गुजराती बोलणारा मुलगा बेल्याच्या शेतकऱ्याशी मराठीत, इच्चोड्याच्या शेतकऱ्याशी तेलुगूत, गाडीवानाशी दख्खनीत बोलतो, आणि उटनूरकडचा गोंड शेतकरी आला तर चार शब्द गोंडीचेही टाकतो. हे त्याला कोणी शिकविले? कोणत्या शाळेत? त्यासाठी दमडीची फी पडली नाही.

या जिल्ह्याचा इतिहासच असा आहे की येथे एका भाषेवर कोणाचे भागत नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात दरबार व कचेरी उर्दूची. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा हलल्या, कचेरीची भाषा पालटली, पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा व्यवहार सुरूच राहिला, आणि व्यापारी त्या त्या काळी जी भाषा लागली ती शिकत गेला.

ही परंपरा फार जुनी आहे. जैन आचार्य उद्योतनसूरी यांनी शके ७०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या ७७९ या वर्षी, जालोर येथे 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तीत बाजारपेठेचे एक वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे वणिक तेथे जमले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या देशीच्या बोलीत बोलतो आहे. त्यांत मरुदेशीय आहेत, गुर्जर आहेत, लाट आहेत, कर्नाटकाचे आहेत. महाराष्ट्रीय आहेत आणि आंध्रही आहेत. प्रत्येकाच्या तोंडचे विशिष्ट शब्दही आचार्यांनी टिपून ठेवले आहेत. मराठी आणि तेलुगू या दोन्ही बोलींचे आवाज एका जैन साधूने बाजारात उभे राहून ऐकावे, यात आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याला नवल वाटणार नाही. भगवान महावीरांनी उपदेशासाठी अर्धमागधी ही लोकांची भाषा पत्करली, आणि समवसरणात ती वाणी प्रत्येकाला आपापल्या भाषेत उमजत असे, ही श्रद्धाही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे.

मग इंग्रजीपाशीच गाडी का अडते? कारण सरळ आहे, आणि विद्यार्थीच ते आपल्या शब्दांत सांगतात. गंजात इंग्रजीला गिऱ्हाईक नाही. तेलुगू आली, कारण समोर शेतकरी उभा होता आणि त्याला उत्तर हवे होते. चुकले तर तो हसला, पण भाव ठरेपर्यंत हलला नाही. इंग्रजी मात्र पुस्तकातून आली. आपल्या वडीलधाऱ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरविले. ती पाठमाला मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत वाक्ये उतरविण्यात पारंगत करीत असे, आणि कचेरीतील पत्रव्यवहारास तेवढे पुरतही असे. बोलण्याचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता.

बोलके इंग्रजी दुरून शिकविण्याचे प्रयत्न काही आजचे नव्हेत. बी. बी. सी. ने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ १९४३ मध्ये सुरू केले. हैदराबादेस १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था निघाली. तिचेच २००७ मध्ये इंग्रजी व विदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठ झाले. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८४ च्या ऑगस्टपासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन पाठ दाखविण्यास आरंभ केला. आज तेलंगण शासनाच्या टी-सॅटच्या 'विद्या' व 'निपुण' या वाहिन्या आहेत, आणि केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. त्यावरील अभ्यासक्रमांत नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. २०१६ च्या सप्टेंबरानंतर मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले, आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा सगळे शिक्षणच त्या चार बोटांच्या पडद्यावर येऊन बसले. तेव्हापासून खाजगी वर्गांचे पीक आले ते अजून ओसरलेले नाही.

या वर्गांविषयी विद्यार्थी काय म्हणतात? आधी त्यांनी मान्य केलेले गुण सांगितले पाहिजेत, कारण ते थोडेथोडके नाहीत. पहिला गुण एकांताचा. पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात उभे राहून चुकीचे इंग्रजी बोलणे आणि मागच्या बाकावरून हसू ऐकणे याची धास्ती ज्यांनी घेतली आहे, त्यांना खोलीचे दार लावून शिकता येणे हा मोठाच दिलासा आहे. विद्यार्थिनी हे विशेष आग्रहाने सांगतात. शिवाय संध्याकाळी एकटीने वर्गाला जाण्यायेण्याचा प्रश्न राहत नाही, आणि इच्चोडा किंवा बोथ येथील मुलीला तो शिक्षक मिळतो जो एरवी केवळ हैदराबादेस मिळाला असता. दुसरा गुण पुनरावृत्तीचा. एकदा न कळलेला भाग दहादा ऐकता येतो. गुरुजी दहादा सांगत नाहीत. ऐकून समजण्याची शक्ती यामुळे झपाट्याने वाढते, हे पालकांनाही दिसते.

परंतु बोलण्याचे काय, असे विचारले की उत्तर येण्यास वेळ लागतो. मग कोणी सांगतो की वर्गात त्याचा आवाज बंदच ठेवलेला असतो. आरंभीच सूचना मिळते, सर्वांनी आपापला माइक बंद करावा, आणि तो तासाच्या अखेरपर्यंत बंदच राहतो. पुष्कळांचा कॅमेराही बंद असतो; कोणाच्या मागे भावंडे खेळत असतात, कोणाला घर दाखविण्याचा संकोच वाटतो. शिक्षक काळ्या चौकटींकडे पाहून बोलत राहतो. विद्यार्थी ऐकतो. उत्तर कोणीच मागत नाही.

येथे व्यापाऱ्याने आपले नेहमीचे गणित करून पाहावे. साठ मिनिटांच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत, आणि शिक्षकाने निम्मा वेळ, म्हणजे तीस मिनिटे, विद्यार्थ्यांना दिली असे उदार मनाने धरू. प्रत्येकाच्या वाट्याला पंचेचाळीस सेकंद येतात. असे पन्नास वर्ग झाले तर संपूर्ण अभ्यासक्रमात त्याचे बोलणे साडेसदतीस मिनिटांचे. तोच वर्ग पाच विद्यार्थ्यांचा असेल तर रोजची सहा मिनिटे, म्हणजे पन्नास दिवसांत पाच तास. फी तासावर आकारलेली असते. मोजावयास हवी ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलण्याच्या मिनिटावर. सरकीसकट कापसाचे वजन पाहून कोणी रुईचा भाव देत नाही.

आणि जे केवळ आधी चित्रित केलेले पाठ असतात, त्यांत हा आकडा शून्यच असतो. त्यांना संभाषणाचा वर्ग म्हणावे काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

ऐकून ऐकून बोलता का येत नाही, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनाही पडला होता. कॅनडात इंग्रजी भाषिक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकविणाऱ्या शाळा निघाल्या. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांना ती उत्तम समजू लागली. तरीही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहूनच गेल्या. मेरिल स्वेन या विदुषीने १९८५ मध्ये याचे कारण मांडले. ऐकताना आपण शब्दांवरून अर्थाचा अंदाज बांधतो, वाक्याची रचना पारखण्याची गरजच पडत नाही. स्वतः बोलावयाची वेळ आली म्हणजेच आपल्याला काय येत नाही ते उमगते, आणि समोरच्याला समजले नाही असे दिसले म्हणजेच आपण ते सुधारतो. आपल्या घरांत याला एक जवळचा दाखला आहे. पाठशाळेत जाणारे आठ वर्षांचे मूल प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे अस्खलित म्हणते. उच्चारात काना-मात्रेची चूक नाही. पण त्याच प्राकृतात त्याला कोणी पाण्याचा पेला मागावयास सांगितले तर? पाठांतराचे मोल त्याच्या ठिकाणी आहेच, मात्र संभाषण ही निराळी विद्या आहे.

त्यात मराठी व तेलुगू भाषिकांची आणखी एक अडचण आहे. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे मनात मराठी वाक्य पूर्ण होते, मग त्याचे भाषांतर, मग क्रियापद उचलून मधे बसविणे, आणि एवढे होईपर्यंत समोरचा मनुष्य पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. इंग्रजी शब्दांतील आघाताची गोष्ट तशीच. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडतो, तर 'फोटोग्राफर' मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. आपल्या भाषांत आघातावर असा डोलारा उभा नसल्याने आपण सर्व अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो, आणि ऐकणारा गोंधळतो. हे दोष पुस्तकातून किंवा चित्रित पाठातून जात नाहीत. कोणीतरी थांबवून सांगावे लागते.

विद्यार्थ्यांची जी तक्रार पालकांना सबब वाटते, तिच्यामागे खरे शास्त्र आहे. ती तक्रार अशी की प्रत्यक्ष वर्ग चालू असला तरी बोलण्याचा धागा जुळत नाही. आपण आरंभ करतो, त्याच क्षणी शिक्षकही बोलू लागतात, दोघेही थांबतात, आणि मग लाजेने आपणच गप्प बसतो. माणसांच्या बोलण्यातील अंतराचे मोजमाप झालेले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगातील दहा भाषा तपासल्या गेल्या, आणि प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यातील अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळले. इतक्या बारीक तालावर संभाषण चालते. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्याचा विलंब सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून फार वाढू नये. नेटवर्क कच्चे असले की तो अर्ध्या सेकंदावर, कधी एका सेकंदावरही जातो. मातृभाषेत बोलणारा ही ओढाताण सहज निभावतो; परक्या भाषेत चाचपडणाऱ्याला मात्र शिक्षकांचे ते मौन म्हणजे आपण चुकल्याची खूणच वाटते. त्यातच आवाजाचे तुकडे गळतात, आणि इंग्रजीत 'वॉक' व 'वॉक्ट' यांतील वर्तमान-भूताचा सारा भेद अखेरच्या एका व्यंजनावर लटकलेला असतो. ते व्यंजन वाटेत गळाले तर शिकणाऱ्याने काय करावे?

आदिलाबाद शहरात ही अडचण कमी आहे. डोंगराळ भागातील, आश्रमशाळांतून पुढे आलेल्या विद्यार्थ्यांची स्थिती आपल्या मुलांहून पुष्कळ बिकट आहे, एवढे नमूद करून पुढे जातो.

लाज हा विषय मात्र तितक्या लवकर सोडता येत नाही. परभाषेच्या वर्गात बसताना येणारी धास्ती ही साध्या भित्रेपणाहून वेगळी असते, हे अमेरिकेत १९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आणि ती मोजण्यासाठी तेहतीस विधानांची एक पट्टी तयार केली. शहाणा, जाणता मनुष्य परभाषेत बोलू लागला की लहान मुलासारखा दिसू लागतो, आणि हेच त्याला सोसत नाही. गंजात तीन भाषांत सफाईने सौदा करणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाला हे अधिकच झोंबते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात घरचा उल्लेख येतो तो इथे. एवढी फी भरली, आता पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोलून दाखव, असे म्हटले जाते. कोणी वडील घरात मराठी-मारवाडी बंद करून इंग्रजीच बोलावयाचा दंडक घालतात. माझे स्पष्ट मत आहे की हे उपाय घातक आहेत. ज्या घरात आजीशी बोलावयाचे असते त्या घराला परीक्षेचे सभागृह करू नये; त्याने इंग्रजी येत नाहीच, आणि आजीशी बोलणे मात्र तुटते.

अलीकडे यंत्राशीच संभाषण करण्याची सोय झाली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हे साधन आले. त्यानंतर अशी साधने आवाजानेही बोलू लागली. विद्यार्थ्यांना ती प्रिय आहेत, आणि त्याचे कारण पुन्हा लाजच. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, दहादा विचारले तरी दहादा उत्तर देते. सरावासाठी हे साधन उत्तम आहे, असे माझेही मत झाले आहे. तथापि ते फार सहनशील आहे. अर्धवट वाक्याचाही अर्थ ते लावून घेते, आणि मुलाखत घेणारा अधिकारी तसा लावून घेत नाही. यंत्रापाशी जीभ सैल करावी, पण माणसाच्या डोळ्यांपुढे तिची कसोटी झाल्याखेरीज भीड चेपत नाही, असे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही आपण होऊन सांगतात.

आणखी एक मागणी पुढे येते, विशेषतः सीमेवरच्या गावांतील मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या मुलांकडून. चूक समजावून सांगताना ती आपल्या भाषेत सांगावी. इंग्रजीच्या वर्गात मराठीचा शब्द उच्चारू नये हा जो बडेजाव काही वर्ग मिरवितात, तो त्यांना मुळीच उपयोगाचा वाटत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि आपल्या जुन्या जिल्ह्यात त्याला पूर्वपीठिकाही आहे. १९४३ साली हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या शिक्षणाचे केंद्र उघडले गेले. मुलांसाठी पहिली पुस्तके तयार झाली ती गोंडी भाषेत, आणि लिपी घेतली देवनागरी. आधी आपल्या भाषेत अक्षरओळख, मग परकी भाषा, हा त्यातील विचार.

तेव्हा फी भरण्यापूर्वी पालकांनी वर्गचालकास थोडे प्रश्न विचारावेत. एका तुकडीत किती विद्यार्थी घेता? माझी मुलगी एका तासात किती मिनिटे स्वतः बोलेल? चूक कोण सुधारतो, आणि कोणत्या भाषेत? प्रमाणपत्रावर चित्र कसले आहे हे विचारण्याची गरज नाही. ज्यांना मोठी फी परवडत नाही अशा चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून रोज अर्धा तास फोनवर केवळ इंग्रजीत बोलावे. अशी मंडळे काही विद्यार्थ्यांनी आपापसांत जमविली आहेत आणि त्यांचा लाभ पैसे भरून घेतलेल्या वर्गाहून कमी नाही, असे ते सांगतात. विषय मात्र ठरलेला असावा. कापसाचा भाव, कालचा सामना, महाविद्यालयातील भांडण, काहीही चालेल. विषय नसला की दोन मिनिटांत सगळे मराठीवर येतात.

वेळेचा प्रश्न विद्यार्थिनींनी आवर्जून मांडला आहे. आपल्या घरांत चोविहाराच्या नियमामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, आणि हिवाळ्यात पाच ते सहा ही स्वयंपाकघरातील अत्यंत धावपळीची वेळ असते. बाहेरगावच्या वर्गचालकांना हे ठाऊक नसते. ते नेमकी तीच वेळ ठेवतात, आणि मुलगी एका हाताने पोळ्या लाटीत कानाला इअरफोन लावून ऐकत राहते. अशा वेळी ती बोलणार कशी? साडेसातनंतरची वेळ मागून घ्यावी. पर्युषणात संध्याकाळी प्रतिक्रमण असते, ते आठ दिवस आधीच कळवून ठेवावेत. आणि एरवी त्या अर्ध्या तासापुरती एक खोली, दार लावून, तिची म्हणून मोकळी ठेवावी.